साहूकाकींसमोरची खिडकी

यंदाही मिठाला पाणी सुटलं. बरणीत तांदळाचे चार दाणे टाकून पाहिले, तर दाणेच फुगून आले. पापडाचा डबा उघडून एक पापड हातात घेतला, तो मोडायच्या ऐवजी वाकला. कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या लग्नाकार्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरली. रायपुरात भादवा आल्याचं मला कॅलेंडरमध्ये बघावं लागत नाही. पाऊस उघडलेला असतो, ऊनही पडतं, पण आंघोळ करून बाहेर आलं तरी अंग पुसल्यासारखं वाटत नाही. इथले लोक त्याला 'उमस' म्हणतात. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिकडेही पाऊस पडतो, थंडी वाजते, उकडतं. पण एक संपलं की दुसरं सुरू होतं. इथे भादव्यात सगळं एकाच दिवशी होतं, आणि सत्तावीस वर्षं झाली तरी मला त्याची सवय झालेली नाही.

आज सकाळी आईंच्या खोलीतल्या खिडकीची जाळी धुवायला काढली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. जाळी मोरीत उभी करून पाणी सोडलं तर काळं पाणी वाहायला लागलं. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की ती काळी धूळ आमच्या चौबे कॉलनीपर्यंत येते आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर बोट फिरवलं की बोट काळं होतं. खोलीतून आई विचारत होत्या, "झाली काय वं जाळी? किती घासून राहिली?" मी म्हटलं, "झाली, झाली." घासता घासता गेल्या वर्षीचा पावसाळा आठवला. त्या पावसाळ्यात या एका खिडकीपायी मी काय करून ठेवलं होतं, ते मी माझ्या नवऱ्याला, श्रीकांतलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. आता वर्ष झालं. सांगून टाकते.

आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. खिडक्या सरईच्या लाकडाच्या होत्या. सरई म्हणजे साल, इकडच्या जंगलांतलं मुख्य झाड. उन्हाळ्यात त्या खिडक्या इतक्या आकसायच्या की फटींमधून उन्हाच्या रेघा फरशीवर पडायच्या, आणि आषाढात पाणी पिऊन अशा फुगायच्या की उघडी राहिलेली बंद होत नसे आणि बंद राहिलेली उघडत नसे. आईंना मात्र प्रत्येकीचा स्वभाव पाठ होता. बैठकीतलीला वर उचलून धक्का द्यायचा. स्वयंपाकघरातलीला कमरेने ढकलायचं. जिन्यातलीच्या तर दसऱ्यापर्यंत नादीच लागायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला दागिने दाखवायच्या आधी खिडक्या दाखवल्या होत्या. तरी मी पहिल्याच आठवड्यात बोट चेमटवून घेतलं. "हे घर शिकावं लागते वं पोरी," असं म्हणत त्यांनीच हळद लावली होती. पुढे मी घर शिकले, पण त्यांच्याइतकं नाही.

गल्लीकडे तोंड असलेली घरातली एकच खिडकी होती, ती आईंच्या खोलीतली. ती बारा महिने उघडी असायची, कारण समोर साहूकाकी राहायच्या.

मधली गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून रिक्षा आली की आपल्या स्कूटरला मागे यावं लागतं. साहूकाकी आईंपेक्षा बारा-चौदा वर्षांनी लहान. त्यांच्या यजमानांची गुढियारीत धान्याची आडत होती, ती आता धाकटा मुलगा बघतो. रोज चारला, चहा झाला की, काकी त्यांच्या ओसरीत वेताच्या मोढ्यावर येऊन बसणार आणि हाक मारणार, "दीदी ओ!" इकडून आई पलंगावर सरकत खिडकीशी येणार, "हव, बोल!" हे ठरलेलं होतं. पहिली हाक काकींची. आईंनी कधी आधी हाक मारली नाही आणि काकींनी कधी हाक चुकवली नाही. मग तास-दीड तास दोघींच्या गप्पा. एकीची छत्तीसगढी, दुसरीची नागपुरी वळणाची मराठी, आणि अडलं तर दोघींची मिळून हिंदी. एकमेकींच्या घरी त्या सणासुदीलाच जायच्या. एरवी गुडघे दुखवत तिच्या घरी जाऊन तेच बोलायचं, मग इथून काय वाईट आहे, असं आई म्हणायच्या. दोन्ही घरी फोन आहेत. पण फोनवर त्या दोघी "बरी हाय न?" "हव, बने हंव," एवढं बोलून गप्प होतात आणि कोणीतरी येऊन फोन बंद करण्याची वाट बघतात.

अलीकडे आईंचे डोळे फार मंद झाले आहेत. माणूस आल्याचं कळतं, कोण आलं ते बोलल्याशिवाय कळत नाही. काकींना मात्र त्यांनी हे कधी कळू दिलं नव्हतं. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना त्या खिडकीतून कानांनीच दिसायची. भाजीवाल्याकडे आज दुधी आहे, कोपऱ्यावरच्यांच्या घरी पाहुणे उतरलेत, शाळेची गाडी आज उशिरा आली, हे सगळं त्या पलंगावर बसून सांगायच्या आणि ते बरोबर असायचं.

पण त्या गप्पांमध्ये मीसुद्धा असायचे, हीच तर सगळी अडचण होती. "आज भाजीत मीठच नोहोतं वं. सातारकडे मीठ महाग असंल," हे आई गल्ली ओलांडून सांगायच्या आणि काकी खो खो हसायच्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. माझं उशिरा उठणं, माझ्या माहेरचे फोन, मी घेतलेली साडी, सगळं त्या खिडकीतून बाहेर जायचं. हे सगळं चालण्यासारखं होतं. कुठल्या घरात चालत नाही? पण लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझं मूल पोटातच गेलं, तेव्हा माझ्या स्वतःच्या आईला कळवायच्या आधी ते गल्लीला कळलं. आई रडत रडत सांगत होत्या, हे मला आत ऐकू येत होतं. रडत होत्या, पण सांगत होत्या. संध्याकाळी साहूकाकी तिखुराची, म्हणजे तवकिरीची खीर घेऊन आल्या. अशक्त बाईला इकडे देतात ती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि खीर खाल्ली नाही. पुढे मुलगी झाली, ती मोठी होऊन शिकायला बेंगळुरूला गेली, एवढी वर्षं गेली. मी ते कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण चार वाजता ती "दीदी ओ" अशी हाक आली की माझ्या कपाळावर एक आठी यायचीच.

गेल्या वर्षी पावसाळा लागताच आईंचा खोकला वाढला. आधी आम्ही काढे दिले, मग साध्या गोळ्या, आणि मग एका सकाळी त्यांना धाप लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. आठ दिवस तिथे राहावं लागलं. घरी कपडे न्यायला आले तेव्हा मी त्यांचा पलंग ओढला आणि मागची भिंत पाहिली. खिडकीच्या खालपासून जमिनीपर्यंत हिरवट काळे डाग होते. खिडकीच्या चौकटीचं खालचं लाकूड कुजलं होतं आणि तिथून पावसाचं पाणी किती दिवस गादीच्या कडेला झिरपत होतं कोण जाणे. आईंना दिसत नव्हतं आणि मी पलंग ओढला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "खोलीतली ओल गेली नाही तर पुढच्या वेळी आठ दिवसांत सुटका होणार नाही." मीनाताई, माझी नणंद, नागपूरहून येऊन आईंना घेऊन गेली. जाताना आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "लवकर बोलाव वं मले. मले तिथं करमत नाही."

मग मी खिडक्यांच्या मागे लागले. श्रीकांत सिलतऱ्याच्या एका कारखान्यात आहे, सकाळी सातला निघतो तो संध्याकाळी येतो. तो म्हणाला, "तूच पाहून घे न, वासंती. मले त्यातलं काय समजते? आईचं अंथरूण ओलं नाही झालं पाह्यजे, बस." सव्वीस वर्षांत या घरातला एखादा निर्णय पूर्णपणे माझा, असं पहिल्यांदाच होत होतं. मी वही घेऊन दुकानं हिंडले. लाकूड पुन्हा नको, ते फुगणारच. लोखंड गंजणार. अॅल्युमिनियम बरं, पण उन्हाळ्यात हात लावला की चटका. यूपीव्हीसी म्हणून प्लास्टिकच्या जातीचं काही तरी निघालंय, ते फुगत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. सरकते पल्ले दिसायला छान, पण कुठल्याही बाजूला सरकवले तरी खिडकी अर्धीच उघडते, हे दुकानात उभं राहून सरकवून बघेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाकीच्या घरासाठी मी शहाण्यासारखं बाहेर उघडणारे पल्ले आणि आतून जाळी, असं ठरवलं. वारा पाहिजे, डास नकोत, पाऊस छज्जा अडवेल. आजही त्या खिडक्यांना नाव ठेवायला जागा नाही.

आईंच्या खोलीची पाळी आली तेव्हा दुकानातल्या चष्मेवाल्या शेठजींनी एक डबा पुढे ओढला. डब्याला छोटीशी खिडकी बसवलेली होती. त्यांनी आपल्या मोबाइलवर भजन लावलं, मोबाइल आत ठेवला आणि खिडकी लावली. भजन बंद. उघडली, भजन सुरू. लावली, बंद. "डबल काच है दीदी. न धूल, न आवाज. पक्की बिठा देंगे, खुलने का झंझट ही नहीं. अंदर एसी लगवा लीजिए, नमी खतम." त्यांनी तीन-चारदा खिडकी उघडून लावून दाखवली. मग मी म्हटलं, "एक बार मैं करूँ?" आणि मीच ती दोनदा उघडून लावली.

घरी सगळ्यांना मी धूळ सांगितली. श्रीकांतला धूळ, फोनवर मीनाताईला धूळ आणि ओल. ते खोटं नव्हतं. पण ती खिडकी लावताना भजन बंद झालं त्या क्षणी माझ्या मनात चार वाजताची हाक होती, हे फक्त मला माहीत होतं. मला आईंचं काही वाईट करायचं नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणूनच मी महिनाभर पायपीट करत होते. त्यातच माझं हे एक काम आपोआप होऊन जातंय, एवढंच. मनाला समजवायला इतकं पुरलं.

आमचे संतराम मिस्त्री जुन्या खिडक्या काढायला आले होते. दरवर्षी पावसाळ्याआधी रंधा मारून त्या खिडक्या उघडत्या करायचं काम त्यांचंच. त्यांनी नव्या काचेवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "दीदी, पल्ला ह खुलना चाही. हवा नइ आही त भीतरे-भीतर भाप धरही." पल्ला उघडता पाहिजे, नाही तर आतल्या आत वाफ धरेल. मी म्हटलं, "एसी लगेगा, मिस्त्री." त्यांनी "हव" म्हटलं आणि वरचा झरोकाही माझ्याच सांगण्यावरून विटांनी बुजवला. माझ्यापुढे ते दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत.

खिडकी बसली आणि खोलीत शांतता झाली. काय सांगू, मला ती फार आवडली. दुपारी मी आईंच्या पलंगावर जाऊन आडवी व्हायचे. गल्लीत माणसं बोलताना दिसायची, आवाज नाही. हातगाडीवाला तोंड उघडायचा, आवाज नाही. चादर पांढरी ती पांढरी. हरेली आली. हरेलीला इकडे दारा-खिडक्यांना कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात, घरात दुखणं शिरू नये म्हणून. आईंच्या खिडकीला दरवर्षी डहाळी काकीच खोचायच्या, बाहेरून, गजांमध्ये. त्या दिवशी मी पलंगावर बसून बघत होते. काकी डहाळी घेऊन आल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या. गज नव्हते. चौकट गुळगुळीत, कुठे फट नाही. त्यांनी डहाळी इथे धरून पाहिली, तिथे धरून पाहिली, मग काचेतून माझ्याकडे बघून हसल्या आणि काही तरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही. मीही हसले. त्या डहाळी घेऊन परत गेल्या. मी दार उघडून बाहेर जाऊ शकले असते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आई परत आल्या. खोलीत शिरल्या, भिंत चाचपली, कोरडी. काच चाचपली. "किती चिकनी हाय वं! साजरी हाय." मला इतका आनंद झाला की मी त्यांना एसी लावून दाखवला. दुसऱ्या सकाळी त्यांनी एसी बंद करायला लावला, हाडं दुखतात म्हणून. आणि चहा घेता घेता विचारलं, "काहून वं वासंती, पाऱ्यात कोणी गेलं काय?"

"नाही हो आई, आळीत कोणी नाही गेलं. का?"

"मंग एवढं चूपचाप काहून हाय? कोणीच बोलून नाही राहिलं."

"काचेमुळे असेल," मी म्हटलं, आणि कप उचलून आत गेले.

चार वाजता त्या सरकत सरकत खिडकीशी येऊन बसल्या. पदर नीट केला. साडेचार झाले, पाच झाले. "तीज्याले गेली असंल माहेरी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. इकडे तीजाला बायका माहेरी जातात, कितीही म्हाताऱ्या झाल्या तरी. काकींचे भाऊ अजून त्यांना न्यायला येतात. आईंचा तर्क चुकीचा नव्हता. काकी त्या वर्षी दोनच दिवस गेल्या आणि परत आल्या, हे मी गच्चीवरून पाहिलं होतं. मी सांगितलं नाही. रोज चारला आई तशाच बसायच्या. तीजा होऊन गेली, गणपती बसले. "अजून नाही आली वाटते," असं म्हणायचंही त्यांनी बंद केलं. एक दिवस म्हणाल्या, "मी नागपूरले होती तं तिले दुसरं कोणी भेटलं असंल बोलाले." आणि हसल्या. मला ते हसू बघवलं नाही, पण मी तरीही बोलले नाही. आज जाळी घासताना मी स्वतःला विचारलं, तेव्हा का बोलले नाहीस? लाज वाटत होती, दुसरं काय. एक बोलले की दुसरं बोलावं लागलं असतं.

त्याच दिवसांत खोली आतून घामेजायला लागली. सकाळी काचेवर थेंब. बुजवलेल्या झरोक्याखाली भिंतीवर एक डाग उगवला, पहिल्यांदा रुपयाएवढा, मग बशीएवढा. आईंना रात्रीतून एक-दोनदा खोकला यायला लागला. संतराम मिस्त्रींची 'भाप' मला आठवत होती, आणि मी फडक्याने काच पुसत होते.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या मोठ्या थाटाने बसतात, आणि जेवणाच्या दिवशी साहूकाकी असतातच. आईंच्या शेजारी त्यांचं पान, हे माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचं. बोलावणं लागत नाही. सोळा भाज्या झाल्या, पुरण झालं, आरती झाली. पान वाढून झालं आणि काकी आल्या नाहीत. आई म्हणाल्या, "थांबा जरासं." आम्ही थांबलो. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. शेवटी आईंनीच सांगितलं, "जेवून घ्या तुम्ही. तिचं पान झाकून ठेव." स्वतः त्या दोन घास जेवल्या आणि पलंगावर जाऊन खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला एकदम ते भिंतीकडे तोंड करून पडणं आठवलं. माझं.

मी झाकलेलं ताट तसंच उचललं आणि गल्ली ओलांडली.

काकी ओसरीत मोढ्यावर बसल्या होत्या. ताट बघून उठल्या नाहीत. मी म्हटलं, "काकी, आप आयी नहीं. माँजी ने आपका पान रखवाया था." त्या हिंदी सोडून एकदम त्यांच्या बोलीत बोलल्या. "मैं बलावत रहेंव, बहू. रोज बलावत रहेंव. ओ ह मोर कोती टुकुर-टुकुर देखत रहिस, एक घाँव नइ बोलिस." मी रोज हाका मारत राहिले; ती माझ्याकडे टुकुटुकु बघत राहिली आणि एकदाही बोलली नाही. "मैं का गलती करेंव?" असं म्हणून त्या साठी उलटलेल्या बाईने पदर तोंडाला लावला.

मी वळून पाहिलं. तोपर्यंत मी ती खिडकी या बाजूने कधी बघितलीच नव्हती. मोठी स्वच्छ काच, आणि काचेमागे आई. चेहरा सरळ आमच्याकडे, डोळे उघडे. कुणालाही वाटलं असतं, बघतायत. "देख," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी जीव खाऊन हाक मारली, "दीदी ओ!" गल्लीतला कुत्रा दचकून उठला. आईंच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

मी काकींना डबल काच समजावून सांगितली. आईंना दिसत नाही, आणि आता ऐकूही जात नाही, त्या रोज चारला तुमच्या हाकेसाठी बसतात, हे सांगितलं. काकींनी दोन्ही हात डोक्याला लावले. "काबर लगवाए ओ काँच?" त्यांनी विचारलं. का लावलीत? मी म्हटलं, "डॉक्टर ने बोला था." एवढं सगळं बघूनसुद्धा मी खोटं बोलले.

दुसऱ्या सकाळी संतराम मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी काही विचारलं नाही, छिन्नी काढली. शेठजी फोनवर म्हणाले की एकदा बसवलेली काच परत घेत नाहीत. मी म्हटलं, नका घेऊ, पल्ले पाठवा. झरोका उघडला. त्याला जाळी बसवली. पल्ले येईपर्यंत चार दिवस त्या खिडकीच्या जागी नुसतं भोक होतं आणि पावसाची सर आली की मी ताडपत्री धरून उभी राहायचे. त्या चार दिवसांत काकी त्यांच्या थोरल्या मुलाकडे, दुर्गला होत्या; महालक्ष्म्यांच्या संध्याकाळीच तो त्यांना न्यायला आला होता, त्यामुळे आईंशी त्यांचं बोलणं राहूनच गेलं. काच काढताना आई पलंगावरून सगळं ऐकत होत्या. मी म्हटलं, "आई, खिडकी चुकली माझी. हवा येत नव्हती." त्या म्हणाल्या, "हं." मग थोड्या वेळाने, "धूळ न आवाज, दोन्ही बंद होते म्हणे त्या काचेनं. मीना सांगत होती काल फोनवर, तिच्या शेजारी हाय म्हणे तशी." मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि ताडपत्रीचा दोर बांधत राहिले.

पल्ले बसले त्या दुपारी ऊन होतं. पूर्ण उघडणारे दोन पल्ले, बाहेर गज, आतून जाळी. भाजीवाला ओरडत गेला आणि आई म्हणाल्या, "दोडके हायेत आज." चार वाजता मी स्वयंपाकघरात चहाचं भांडं विसळत होते. हाक आली.

"दीदी ओ!"

आईंना उत्तर द्यायला जरा वेळ लागला. मला वाटलं पुन्हा ऐकू गेलं नाही की काय. मग त्यांचा आवाज आला, चिरकलेला, "हव... बोल वं, बोल!" आणि दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या. दुर्ग, नागपूर, दवाखाना, तीजा, कोण कुणाला काय म्हणालं. दोघी एकमेकींवर रागावून घेत होत्या. मी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यासाठी नळ बंद केला असेन.

मग काकींनी जोरात विचारलं, "फेर कोन लगवाए रहिस दीदी, ओ काँच ल?" पण ती काच लावली कुणी?

माझा हात भांड्यावर तसाच राहिला. आई गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मीच वं! मीच सांगतलं होतं. लय धूळ येते म्हणून. सुनबाई तं नाहीच म्हणत होती बिचारी, मीच नाही आयकलं."

मी ओल्या हातांनीच त्यांच्या खोलीत गेले. खरं सांगायचंच, असं ठरवून गेले. खिडकीशी जाऊन म्हटलं, "काकी, माँजी ने नहीं, वो..." एवढंच बोलले असेन. आईंनी मागे न वळता हात मागे आणून माझं मनगट चाचपून धरलं. आणि मग हळू आवाजात, गल्लीत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या. त्यांना इतकं हळू बोलता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"तू चूप राय. मी काय, आज हाय न उद्या नाही. तिच्यासमोर तुलेच राहाचं हाय."

पलीकडून काकी विचारत होत्या, "का होगे, दीदी?"

"काही नाही वं," आई मोठ्याने म्हणाल्या. "सुनबाई आली हाय बसाले."

माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. मी पलंगाच्या कडेवर, त्यांच्या शेजारी बसले.